भिंतीची साक्ष

रविवार, १२ जानेवारी २०२५

निलम,

औंढ्याच्या नागनाथाला आठवून लिहायला बसले आहे. आशीर्वाद लिहीत नाही. तू तो घेशील की नाही ते माहीत नाही, आणि न घेतलेला आशीर्वाद कुठं जातो तेही माहीत नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवलास, म्हणून कागद. आमच्या बचत गटाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती ती फाडून घेतली. चालवून घे.

मिना काल हिंगोलीहून गटाच्या कामाला आली होती. माझ्या सख्ख्या बहिणीची पोरगी, पण आता माझ्या घरचं पाणी पीत नाही. आधी शेजारच्या शालूबाईकडं पिते, मग माझ्या उंबऱ्याशी येते. तुझ्या नांदेडच्या नर्सिंग कॉलेजचा वार्षिकांक तिनं माझ्या पुढ्यात टाकला. म्हणाली, मावशी, एकतिसावं पान वाचा, आणि वाचल्यावर मला काही सांगू नका. तुझा फोटो आहे वर. पांढरे कपडे शोभतात. जबडा डाव्या अंगाला अजून थोडा उतरलेला दिसतो.

बैठकीत जे होईल ते वहीत उतरवायची मला सवय, तशी ही कविताही मी उतरवून घेतली. तुझीच आहे, तरी इथं लिहिते, म्हणजे मी कोणत्या ओळीबद्दल बोलते ते कळेल.

मला पाडलं तेव्हा
कुणी आवाज ऐकला नाही.
मी तुटले नाही, मला तोडून पाहिलं.
ज्यानं तोडून पाहिलं
त्याच्या हाताला विचारा, मी किती टणक होते.

मला कुणी उचललं नाही.
भुईला हात टेकून उठले.
भुई तेवढी माय निघाली,
माय तेवढी भिंत निघाली.

आता माझ्याच पायावर उभी आहे.
माझी किंमत मला विचारा.

दहावीला कवितेच्या ओळींचा अर्थ लिहायचा प्रश्न असायचा आणि त्यात माझे गुण कधी गेले नाहीत. ही कविता मी देवघरात बसून तीनदा वाचली. वाचून आधी राग आला, तो लपवत नाही. तुझ्या कॉलेजातल्या पोरींना वाटेल हिला आई नव्हतीच. हिंगोलीच्या दवाखान्यात एकवीस दिवस तुझ्या उशाशी कोण बसलं होतं? तोंडाला तारा बांधलेल्या असताना नळीनं पेज कुणी पाजली? भिंतीनं?

रागात लिहिलं गेलं. खोडलं तर कागद घाण दिसतो, म्हणून राहू देते.

दुसरी गोष्ट. कोर्टाचा कागद आला आहे. देविदासवर तू जी केस केलीस तिची तारीख ११ मार्च, मंगळवार. त्याच्या वकिलानं मला त्याच्या बाजूची साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. तू लिहून दिलंस की नवऱ्यानं मारलं. मी दवाखान्यात पोलिसाला सांगितलं होतं की पोरगी न्हाणीत घसरून पडली. ते त्यांना आता कोर्टात माझ्या तोंडून पाहिजे. माझ्या साक्षीवर तो सुटतो, असं वकील बोलला म्हणे. तुझे दादा, बाप असून, म्हणतात जे सांगितलं तेच सांगायचं, अक्षर इकडंतिकडं करायचं नाही. देविदास त्यांच्या बहिणीचा एकुलता एक. तू माझी एकुलती एक, हे त्यांना कुणी सांगत नाही, मीसुद्धा नाही.

काय सांगू ते मी तुला विचारत नाही. विचारायचं तोंड नाही.

नर्मदा


गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

निलम,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

काल गटाची बैठक होती, रुख्मिणीबाईच्या ओसरीवर. मिनानं तुझी कविता वाचायला काढली. मला आधी सांगितलं नव्हतं. हिंगोली जिल्ह्यातल्या एका पोरीची आहे एवढंच ती बोलली, नाव घेतलं नाही. सगळ्यांनी एकेक ओळ उचलायची आणि ती आपल्याला कुठं लागली ते सांगायचं, असं ठरलं. सचिव म्हणून मी वही उघडून बसले होते. मिनाचे डोळे माझ्यावर होते. ही पोर माझा सूड घेते आहे हे मला तेव्हाच कळलं, पण बैठकीतून सचिवानं उठायचं नसतं.

मग शालूबाईनं तोंड उघडलं. ती म्हणाली, कविता चांगली आहे पण अळणी आहे, हाताला काय विचारायचं, हाताला काय कळतंय. तिचा नवरा तिला जुवाच्या शिवळेनं मारायचा, बैलाच्या मानेजवळची ती लाकडी खुंटी. शिवळ वाजली की बैल गोठ्यात बिचकायचे, कारण त्यांना वाटायचं आपल्यालाच जुंपतात. बायका हसल्या. शालूबाईही हसली, आणि हसता हसता तिनं डोक्यावरचा पदर मागं घेतला. कानामागं अंगठा मावेल एवढा खड्डा आहे. तीस वर्षं शेजारी राहून मी तो पाहिला नव्हता. ती म्हणाली, तो मेला तवा मी आठ दिवस रडले, कशासाठी रडले ते आजवर मला कुणी सांगितलं न्हाई.

मग तांड्यावरची पेमा. ती कधी बोलत नाही, अंगठा उठवते आणि जाते. मिनानं दोनदा विचारल्यावर तिनं 'मला कुणी उचललं नाही' ही ओळ धरली. म्हणाली, ही पोरगी खोटं लिहून राहिली.

"मला उचललं व्हतं की," पेमा म्हणाली. "सासूनं. काखेत हात घालून उभं धरलं. नीट लागावं म्हून."

या वेळी कुणी हसलं नाही. पेमा पाच महिन्यांची पोटुशी होती त्या वेळी, हे तिनं नंतर सांगितलं, उठताना, चप्पल शोधता शोधता. ते लेकरू राहिलं नाही. मी वहीत 'पेमाबाईंनी अनुभव सांगितला' एवढंच लिहिलं. त्याहून जास्त लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती असं मी स्वतःला सांगितलं.

शेवटी रुख्मिणीबाई. अध्यक्षा असल्यामुळं त्या शेवटी बोलतात. त्यांनी नेमकी तीच ओळ काढली, माय तेवढी भिंत निघाली. म्हणाल्या, कोणाची हाय ही माय? लेकीला मार पडताना बघत उभी राहिली का? असल्या बाईच्या तोंडात राख भरावी. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाली तिला गटात तरी घेऊ नये. दुसरी म्हणाली आपल्या गावात असली नसंल बाई, तिकडं शहराकडची असंल. शालूबाई तेवढी खाली बघून शेंगा फोडत होती.

"भिंत बी म्हणू नये तिला," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "भिंतीला निदान माणूस पाठ टेकतंय."

हे वाक्य मी जसंच्या तसं वहीत उतरवलं. माझं अक्षर नेहमीसारखंच आलं आहे, आणि त्याचीच मला भीती वाटली.

मग मिना म्हणाली, सचिवबाई राहिल्या की, तुमची ओळ कोणती? मी म्हटलं मला लिहायचं काम आहे. ती म्हणाली लिहून झालं की सांगा. मी म्हटलं घरी चुलीवर डाळ ठेवून आले आहे. डाळ ठेवली नव्हती. काल पिठलं होतं.

वाटेत शालूबाई माझ्याबरोबर चालली, मारुतीच्या पारापर्यंत. तिथं थांबून तिनं उरलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत दिल्या आणि विचारलं, निलमचा जबडा आता बरा हाय का? बस्स, एवढंच. तिला ठाऊक आहे. कधीपासून ठाऊक आहे ते मी विचारलं नाही.

नर्मदा


बुधवार, २६ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्र

निलम,

आज निरंकार उपास. पहाटेच्या एसटीनं औंढ्याला गेले होते. दर्शनाची रांग मोठी होती. अडीच तास उभी राहिले आणि गाभाऱ्याच्या पायऱ्यांपाशी आल्यावर परत फिरले. मागच्या बाईला वाटलं मला चक्कर आली. चक्कर नव्हती. देवापुढं जाऊन सांगायचं ते आधी तुला सांगावं असं वाटलं. तुला सगळं माहीत आहे. पण माझ्या बाजूनं ते कसं होतं ते तुला दिसलं नसणार, तू खाली पडलेली होतीस.

अधिक श्रावण होता. तू शुक्रवारी कनेरगाव नाक्यावरून जीपनं आलीस, एका चपलेवर. पाठीवर, दंडावर पट्ट्याचे वळ होते. मोजायचे नाहीत म्हणून मी डोळे मिटून हळद लावली. तू म्हणालीस, आई, मला परत पाठवू नको. मी म्हणाले, धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येतो, रविवारी जावयाला जेवायला बोलावलं आहे, तेवढं पार पडू दे. अधिक महिन्यात जावई म्हणजे विष्णू, हे मला माझ्या आईनं सांगितलं आणि तिला तिच्या आईनं. देवाला दिलेलं आवतण मागं घ्यायचं कसं, हा प्रश्न मला पडला होता. तुझ्या पाठीचा प्रश्न मला पडला नव्हता.

तो रविवारी आला. तुझे दादा वेशीपर्यंत सामोरे गेले. मी परातीत त्याचे पाय धुतले, कोमट पाण्यानं. पुसले, गंध लावलं. तू त्याच्या शेजारच्या पाटावर बसेनास. तेव्हा मी तुला दंडाला धरून ओढलं आणि बसवलं. वळाखालीच धरलं होतं. तू 'आई' म्हणालीस. मी म्हणाले, लोक बघतात. लोक कुठं होते? घरच्यांखेरीज तुझी आत्या होती फक्त.

पुरणाचे धोंडे त्यानं पोटभर खाल्ले. वाण आणायला मी आत गेले. तेहतीस अनारसे ताटात रचले, वर दिवा लावला. बाहेर तुझा आवाज ऐकला. तू म्हणालीस, मी जाणार न्हाई. ओरडून नाही, साध्या आवाजात, मीठ मागावं तसं.

मी स्वयंपाकघराच्या दारात आले तेव्हा त्यानं पाय धुवायचा तांब्या गळ्याला धरून उचलला होता. पहिला घाव तोंडावर बसला. तांब्या अर्धा भरलेला होता. भरलेल्या पितळेचा आवाज आणि रिकाम्या पितळेचा आवाज वेगळा असतो, मी रोज घासते म्हणून सांगते. पहिला आवाज भरल्याचा होता. दुसरा कानावर. पाणी आणि रक्त रांगोळीवर आलं. तिसरा आणि चौथा तू पडल्यावर, तेव्हा तांब्या रिकामा झाला होता. तुझा एक दात माझ्या पायापर्यंत घरंगळत आला.

माझ्यापासून तू सहा पावलांवर होतीस. माझे दोन्ही हात ताटाला होते. वाण जमिनीला टेकवायचं नसतं, सरळ जावयाच्या हातात द्यायचं असतं. मी ते टेकवलं नाही. तुला मारत होता आणि मी ताट खाली ठेवलं नाही, निलम. मी काय बोलले ते तू ऐकलंस का, मला माहीत नाही. मी बोलले होते. मी म्हणाले, "दिवा विझंल."

एवढंच म्हणाले.

त्यानं तांब्या टाकला, हात पुढं केले आणि मी वाण दिलं. त्याच्या मनगटावरचं रक्त एका अनारशाला लागलं. तो मी काढला, आत जाऊन दुसरा आणला आणि ठेवला, कारण तेहतीस भरले पाहिजेत. मग तुझ्याकडं वळले.

दवाखान्यात पोलीस आला तेव्हा तुझं तोंड तारांनी बांधलेलं होतं. त्यानं तुला विचारलं, मी उत्तर दिलं. न्हाणीत घसरली. तू मान हलवायला लागलीस तेव्हा मी चादरीखाली तुझा हात दाबून धरला. पोलिसाला वाटलं आई धीर देते आहे.

मला कुणी धमकावलं नव्हतं. तुझ्या दादांनीही काही सांगितलं नव्हतं. ते माझं माझंच होतं. घराची अब्रू, महिना पवित्र, आत्याचं घर, सगळं मी एका क्षणात जुळवलं आणि बोलले. एवढी हुशारी मला दहावीच्या पेपरातही सुचली नव्हती.

तुझी ओळ बरोबर आहे. पहिल्या पत्रात मी जे भांडले ते मागं घेते.

उद्या तुझ्या दादांना सांगणार आहे की ११ तारखेला खरं सांगीन.

नर्मदा


शुक्रवार, ७ मार्च २०२५

निलम,

अक्षर वाकडं आलं तर समजून घे. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट कामाचं नाही. लिहायची तीन बोटं वाचली आहेत.

दादांना सांगितलं तेव्हा ते भांडले नाहीत. आठवडाभर नेहमीसारखे जेवले, झोपले, तूर विकून आले. मला वाटलं मनात कुठंतरी पटलं असेल. त्यांनी फोन करून ठेवला होता.

काल दुपारी देविदास आणि तुझी आत्या आले. त्यानं माझ्यासाठी लुगडं आणलं होतं, हिरवं, काठाचं. खाली वाकून पाया पडला. म्हणाला, मामी, मंगळवारी हे नेसून या, मी जीप घेऊन येतो. मी लुगडं बाजेवर ठेवलं आणि म्हणाले, जीप नको, मी एसटीनं येईन आणि जे झालं ते सांगीन.

आत्यानं उठून टीव्हीवर कीर्तन लावलं आणि आवाज वाढवला. तेव्हा मला कळलं की हे त्यांनी घरून ठरवून आणलं आहे.

त्यानं मला मानेला धरून मधल्या खोलीच्या दारापाशी नेलं. आधी दोनदा भिंतीवर आपटलं. मी पडले तर केसांनी उठवलं. मग हात बिजागरीच्या फटीत घातला आणि दार लोटलं. घाई नव्हती त्याला. करंगळी मोडल्याचं मला कानांनी कळलं, दुखायला नंतर लागलं. तुझे दादा बाजेवर बसून होते. हातातली सुपारी खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, "हळू, जवाई. मंगळवारी दिसंल."

तीस वर्षं मी या माणसाच्या पायाशी वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळून आणलेली फुलं ठेवली.

त्यानं दुसरं बोट फटीत धरलं तेव्हा मी ओरडले की सांगते, तुमचंच सांगते, न्हाणीत पडली. त्यानं तरीही दार लोटलं. नंतर म्हणाला, मामी, ही पावती समजा. माझं लुगडं ओलं झालं होतं, ते आत्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

तुझ्या कवितेबद्दल मला आता एक सांगायचं आहे. 'मी तुटले नाही' असं तू लिहिलंस. ते तुझं खरं असेल. मी दुसऱ्या बोटाला तुटले. तू चार घाव खाऊनही, तोंडाला तारा असताना, मान हलवत होतीस. माझ्यात ते नाही, आणि तुझ्यात ते माझ्याकडून आलेलं नाही.

मी हो म्हणून बसले आहे, हे तुला आधी कळलेलं बरं. मंगळवारी तू मागच्या बाकावर बसशील आणि मी काय बोलेन याची मला खात्री देता येत नाही. ते दार अजून डोळ्यांपुढं आहे. घरात त्याच दारातून ये-जा करते.

हे पत्र शालूबाईच्या हाती पोस्टात जाईल.

नर्मदा


बुधवार, १२ मार्च २०२५

निलम,

काल तू तिथं होतीस, तरी लिहिते. तू खिडकीकडं तोंड करून बसली होतीस, तुला सगळं ऐकू गेलं नसेल. पंख्याचा आवाज फार होता.

त्यांच्याच जीपमधून आले, त्यांचंच लुगडं नेसून. बोटं कडब्याच्या मशीनमध्ये गेली असं सांगायचं होतं. वाटेत आत्यानं मला दोनदा पाणी पाजलं. कोर्टाच्या आवारात उतरले तेव्हा तू मिनाबरोबर कडुनिंबाखाली उभी होतीस. हातात फाइल होती. तू माझ्याकडं पाहिलंस, माझ्या लुगड्याकडं पाहिलंस आणि आत गेलीस. मला वाटतं तू माझी साक्ष तिथंच ऐकून घेतलीस.

ईश्वरसाक्ष खरं सांगेन, असं माझ्याकडून म्हणवून घेतलं. ते म्हणेपर्यंत काय बोलायचं हे माझं ठरलं नव्हतं. मोठं काही मनात आलं असंही नाही. मला फक्त हे जाणवलं की आता कुणाच्या वतीनं बोलायचं नाही. तुझं तोंड मोकळं होतं. तू मागं बसून स्वतःचं सांगू शकत होतीस. मला माझ्यापुरतं सांगायचं होतं, आणि माझ्यापुरतं मला एकच ठाऊक होतं.

वकिलानं गोड आवाजात विचारलं, बाई, तुमची मुलगी कशी पडली?

"पडली न्हाई," मी म्हणाले. "त्यानं तांब्यानं मारलं. चार वेळा. मी बघितलं."

देविदास बसल्या जागी उठला, शिपायानं त्याला खाली दाबलं. वकील लाल झाला. साक्षीदार उलटली असं काहीतरी तो न्यायाधीशबाईंना म्हणाला आणि माझ्याकडं वळला. आता आवाज गोड नव्हता. त्यानं तो दवाखान्यातला कागद माझ्या नाकाशी धरला. हे तुम्हीच सांगितलं होतं ना?

मी व्हय म्हणाले.

"म्हणजे तुम्ही खोटं बोलणाऱ्या बाई आहात."

"व्हय," मी म्हणाले. "ते बी लिहून घ्या."

मागं कुणीतरी खुसखुसलं. न्यायाधीशबाईंनी टंकणाऱ्याला थांबवलं आणि मला विचारलं, त्या दिवशी दवाखान्यात तुमच्यावर दबाव होता का, नवऱ्याचा, जावयाचा? त्यांच्या नजरेवरून मला कळलं की त्या मला वाट काढून देत आहेत. माझ्या हाताला बांधलेलं फडकं त्यांना दिसत होतं. मी हो म्हटलं असतं तर पोलिसाला खोटं सांगितल्याचं माझ्यावरून उतरलं असतं आणि मी बिचारी झाले असते. वकिलालाही ते कळलं.

"न्हाई बाईसाहेब," मी म्हणाले. "त्या दिवशी मला कुणी बोट लावलं न्हाई. मी माझ्या मनानं खोटं बोलले. पोरीचा हात दाबून धरला आन् बोलले. ही बोटं गेल्या गुरुवारची आहेत, ती यानंच मोडली, खरं सांगू नये म्हणून. दोन्ही वेगळं लिहा."

त्यांनी दोन्ही वेगळं लिहायला सांगितलं. खोट्या माहितीबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते हेही सांगितलं. मी समजलं म्हणाले आणि मराठीत वाचून सही केली. उकार एके ठिकाणी चुकला होता, तो दुरुस्त करून घेतला.

बाहेर आले तर आत्या माझ्या अंगावर धावून आली. पायऱ्यांवरच तिनं माझ्या तोंडावर नखं ओढली आणि नवरा जित्ता असून रांडाव झालीस असं ओरडली. तुझे दादा जीपमध्ये जाऊन बसले होते. जीप निघून गेली. देविदासला बोटांच्या तक्रारीसाठी आत थांबवून घेतलं होतं.

तू फाटकापाशी पाठमोरी होतीस. मी हाक मारली नाही. तू मिनाला काहीतरी बोललीस आणि ती परत माझ्याकडं आली. मला वाटलं ती सांगेल की आता पुरे, पत्रं लिहू नका. मिना म्हणाली, मावशी, निलम विचारून राहिली, बोटं कोणत्या दवाखान्यात दाखवली?

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. मी मिनाच्या खांद्याला धरून उभी राहिले आणि मला रडू फार वाईट, कुत्र्यासारखं आलं, ते तुला रस्त्यावर ऐकू गेलं असेल.

आता उत्तर लिहिते. तोवर कुठंच दाखवली नव्हती. हळद आणि फडकं बांधलं होतं. काल संध्याकाळी मिनानं हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही मोडली आहेत, करंगळी दोन ठिकाणी. पट्टी सहा आठवडे ठेवायची. गोळ्यांची नावं डॉक्टरांनी दिली ती चिठ्ठी यासोबत घालते, तुला वाचता येतील. एक गोळी उपाशीपोटी घ्यायची आहे का जेवून, ते त्यांच्या अक्षरात नीट कळत नाही. तेवढं बघून मिनाजवळ सांग.

परत आले तेव्हा घराला कुलूप होतं. देवघरातला माझा नागनाथ आणि कपड्यांचं गाठोडं ओट्यावर ठेवलेलं होतं. ती मी उचलली आणि आले. पत्ता बदलला आहे. खाली लिहिते.

नर्मदाबाई
शालूबाईंच्या घरी, मारुतीच्या पाराच्या मागं,
मु. पो. तेच, ता. सेनगाव, जि. हिंगोली